पिंपातले गप्पी मासे

अगो, फोन जरा तोंडासमोर धर, नुसतं कपाळ दिसतंय तुझं! शिमग्यालाही आली नाहीस, विसरलीस ना मला? आज वाडीत धुराची फवारणी झाली आणि त्या उग्र वासाने मला आमचे गप्पी मासे आठवले. त्या वर्षी वाडीत डेंग्यू होता. नळाला पाणी एक दिवसाआड, म्हणून प्रत्येकीच्या मागीलदारी भरलेली पिंपं. डासांच्या अळ्या खायला आरोग्यवाले त्यांत गप्पी सोडून गेले. मग मोहिमेचा उपयोग किती झाला ते बघायला एक तरुण डॉक्टरीण आली. पिंपात डोकावते तर मासा एक नाही! "असं असेल तर तुमच्या वाडीला पुन्हा मासे मिळणार नाहीत," ती म्हणाली. शेजारीण तापातून नुकत्याच उठलेल्या लेकीला कडेवर घेऊन उभी होती, ती कडाडली, "अवो बाय, तुमचाच दुसरा माणूस दर आठवड्याला येतो नि पिंपं उपडी करा, कोरडी करा म्हणतो. आम्ही गुणाच्या बायका, केली उपडी. मासे गेले माडाच्या मुळाशी!" डॉक्टरीण पायरीवर बसून अशी हसली की आम्हीही पदर तोंडाला लावले. "दोन्ही कामं चांगली, पण ह्याचं त्याला ठाऊक नाही," म्हणाली, आणि तिथूनच मासेवाल्यांना नि त्या पिंपं उपडी करायला सांगणाऱ्याला, दोघांनाही फोन लावले. पिंपं कोरडी करायची नि मासे विहिरीत सोडायचे, असं ठरलं. नवे मासे आले, तेव्हा शेजारणीने ते लेकीच्याच हातून सोडवले. आता मी विहिरीवर वाकले की एवढाले थवे दिसतात, पण एकटीने बघून काय मजा? ये गो लवकर.