राहून गेलेला फर्मा

बाइंडरनं पुस्तक वाचायचं नसतं, हे मला लग्न झाल्यावर कळलं. आमचे अब्बा, म्हणजे माझे सासरे, फलटणला चाळीसेक वर्षं बाइंडिंग करतायत. पोथ्या, हजेरीबुकं, वकिलांचे जाडजूड ग्रंथ, लायब्ररीच्या कादंबऱ्या, सगळं त्यांच्या हाताखालून गेलंय. पण एक कुराण सोडलं तर त्यांनी यातलं अक्षर वाचलेलं नाही, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! "वाचाय बसली की फर्मा चुकला म्हणून समज," असं पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं. फर्मा म्हणजे छापलेला मोठा कागद घड्या घालून होणारी सोळा पानं. असे वीस-पंचवीस फर्मे ओळीनं लावायचे, सुईनं शिवायचे, खळ लावायची आणि शिकंज्यात दाबून ठेवायचे, की झालं पुस्तक. फर्म्याच्या पहिल्या पानावर खाली एक बारीक आकडा असतो. अब्बा तेवढाच वाचायचे.

मी सांगलीची. माहेरी हाताला लागेल ते वाचायची, भेळ संपली की पुडीचा कागदसुद्धा. आणि येऊन पडले कुठं, तर पुस्तकांच्या ढिगात, तोंड बंद ठेवून! हलवायाच्या दुकानात बसून रोजा धरावा तसं माझं झालं होतं.

मी कामाला बसले ती नाइलाजानं. अब्बांचे डोळे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चांगले झाले, पण हात कापायला लागले. सुईत दोरा जाईना. माझे मिस्टर शिरवळला कंपनीत, आठवड्यानं घरी येणार. त्यांचं म्हणणं सरळ होतं: दुकानाचं शटर ओढायचं आणि शिरवळला खोली घेऊन राहायचं. खोली बघूनही ठेवली होती. अब्बा फलटण सोडायला तयार नव्हते, म्हणजे ते इथं एकटेच राहणार. मी म्हटलं, मला शिकवा, मी चालवते दुकान. अब्बा बराच वेळ दाढी खाजवत बसले आणि म्हणाले, "दिवाळीपतुर बघू. लायब्ररीचा गठ्ठा तू एकटीनं कर. तक्रार न्हाई आली, तर दुकान तुझं. आली, तर जा बाई शिरवळला."

मला ते दुकान हवं होतं. उगाच आढेवेढे कशाला घेऊ? खळीचा वास, कापडाचे तुकडे, टोच्यानं पाडलेली सरळ रेघेतली भोकं, यातलं काहीच मला सोडायचं नव्हतं. शिरवळच्या खोलीत दिवसभर बसून मी काय भिंती मोजणार होते?

पहिली पंचवीस-तीस पुस्तकं मी शहाण्यासारखी शिवली. कुठल्याच पानावर नजर रेंगाळू दिली नाही. मग ती कादंबरी आली. कव्हर नाही, नावाचं पान नाही, कडा उंदरानं खाल्लेल्या. उकलायला घेतली आणि पहिल्याच ओळीत एक कारकून मुसळधार पावसात डोंगरावरच्या जुन्या वाड्यात शिरला. संस्थानिकाचा वाडा, त्याच्या तळघरात कुलूपबंद ग्रंथालय, आणि त्यात काळ्या कापडात बांधलेलं एक हस्तलिखित. ते जो कोणी शेवटपर्यंत वाचतो तो सकाळी गायब! अंथरूण तसंच, जोडे गायब, माणूस गायब. सहा जण असे नाहीसे झालेले. आणि दिवाण त्या कारकुनाला सांगतो, बाबा रे, सगळ्या पुस्तकांची यादी कर, तेवढ्या एकाला हात लावू नकोस.

आता मला सांगा, माणसानं काय करायचं? एक फर्मा शिवायचा आणि पुढचा वाचायचा, असा मी धंदा सुरू केला. अब्बा नमाजाला गेले की वाचायचं, चहाला गेले की वाचायचं. एकदा तर ते समोर बसलेले असताना मी घडी नीट करायचं नाटक करत तीन पानं ओढली. तळघरात दिवा विझला तेव्हा माझ्या तोंडून "अय्या!" निघालं. अब्बांनी विचारलं, "सुई टोचली व्हय?" मी म्हटलं, व्हय.

शेवटचा फर्मा तेवढा राहिला आणि त्याच दिवशी गठ्ठा लायब्ररीत पोचवायचा होता. मी तो फर्मा डब्याच्या पिशवीत घातला आणि दुपारी घरी नेला. डाळ शिजेस्तोवर संपेल असा हिशेब. चार पानं झाली आणि डाळ करपली. अब्बा जेवायला दारात! फर्मा पिठाच्या डब्यावर भिरकावला, खिडक्या उघडल्या, करपलेल्या डाळीबद्दल बोलणी खाल्ली आणि तशीच दुकानात पळाले. त्या गडबडीत पुस्तक शिवलं, आधी तयार ठेवलेला पुठ्ठा चढवला, शिकंज्यात जेमतेम दाबलं आणि गठ्ठा रवाना केला. आकडे मोजायचे असतात, ते मोजलेच नाहीत. संध्याकाळी घरी येऊन पिठाच्या डब्यावर बघते तर काही नाही. म्हटलं, चला, म्हणजे मी नेला असणार, शिवलाही असणार. शेवट कळला नाही म्हणून चार दिवस हळहळले, एवढंच.

आठवड्यानं सिस्टर आल्या. सिव्हिल हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या, लायब्ररीच्या कमिटीवर असलेल्या, आणि आवाज असा की अख्खी आळी इंजेक्शन घ्यायला उभी राहील. पुस्तक टेबलावर आपटून म्हणाल्या, "माझा दिवाण कुठाय?"

मी म्हटलं, "कोण दिवाण?"

"अगं ए, कोण काय? तीन दिवस घरात स्वयंपाक नाही, नवऱ्याला खानावळीत धाडलंय! कारकून काळं कापड सोडतो, दिवाण जिन्यावर उभा, हातात कंदील, दिवाण म्हणतो, 'थांब, कारण' आणि पुढं कोरा कागद! कारण काय? " त्या अब्बांकडे वळल्या. "चाचा, कारण काय?"

मी पुस्तक उघडलं, खालचे आकडे बघितले. शेवटचा नव्हता. सिस्टर म्हणत होत्या की हे त्या कमिटीपुढं मांडणार, असलं काम पुण्याला मशीनवर दिलेलं बरं. मी अब्बांकडे बघितलंच नाही. "आले," म्हटलं आणि घराकडे पळत सुटले. पिठाचा डबा हलवला, फडताळ उपसलं, चुलीमागं हात घातला, रद्दी विसकटली. नाही म्हणजे नाही. परत येताना रस्ताभर मी मनात शिरवळच्या खोलीत भांडी लावत होते.

दुकानात येऊन मी सरळ सांगून टाकलं. "माझी चूक हाय, सिस्टर. मी फर्मा वाचायला घरी नेला हुता. आता सापडत न्हाई. अब्बांना काय म्हणू नका, त्यांनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं हुतं."

सिस्टर तोंड उघडणार, तेवढ्यात अब्बा हळूच उठले. बसायची गादी उचलली आणि तिच्याखालून सोळा पानांचा फर्मा काढून टेबलावर ठेवला. चांगला सपाट झालेला, आठ दिवस त्यांच्या वजनाखाली. मी नुसती बघतच राहिले.

सिस्टरांना कसलं आश्चर्य! त्यांनी तो हिसकावला, थेट शेवटचं पान काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागल्या, "आणि तेव्हा त्या..."

"ओ बाई, थांबा!" अब्बा ओरडले. उभ्या जन्मात मी त्यांना असं ओरडताना ऐकलं नव्हतं. "सांगू नका! माझी दोन पानं राहिल्यात!"

सिस्टर अशा हसल्या की खळीचं भांडं लवंडता लवंडता वाचलं. अब्बा लाजून लाल. म्हणाले, डाळ कशापायी करपली ते बघावं म्हणून हातात घेतला, तर सोडवेना. बोटानं एकेक ओळ लावत वाचायचं म्हणजे वेळ लागतो. आज परत देऊ, उद्या देऊ, असं करत राहिलो.

सिस्टरांनी हुकूम सोडला, "हिलाच वाचू दे. सगळ्यांना ऐकू जाईल असं." मग मी उभ्यानंच तो फर्मा पहिल्यापासून वाचला. दुकानाबाहेर दोघं-तिघं थांबले. तर काय, कुणी मेलंच नव्हतं! ते हस्तलिखित म्हणजे एका भटक्यानं लिहिलेली मुलखाची वर्णनं. वाचणाऱ्याला वाटायचं, एवढं जग पडलंय आणि आपण इथं पंखा ढाळतोय. जोडे घालायचा आणि चालू पडायचा. वाड्यात चाकर उरणार नाहीत म्हणून दिवाणानं भुताची अफवा उठवली होती. शेवटच्या दोन पानांत त्या सहा जणांतला एक म्हातारा होऊन परत येतो, कारकुनाकडून किल्ली घेतो आणि तळघराचं दार सगळ्यांसाठी उघडतो. सिस्टरांनी पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "उद्या नेते पुस्तक. नीट शिव. कमिटीला मी सांगेन काय सांगायचं ते."

त्या गेल्यावर मी पाठ उसवली, फर्मा जोडून घेतला, खळ लावली आणि पुस्तक शिकंज्यात घातलं. अब्बा समोरच बसलेले. मला वाटलं, आता म्हणणार, तक्रार आली, जा बाई शिरवळला. मी वाटच बघत होते.

"पोरी," ते म्हणाले, "ती दोन पानं माझी वाचायची राहिली न्हवती. मी मुद्दाम ठिवली हुती."

"का?"

"वाचलेली मानसं निघून जात्यात असं त्यात लिवलंय. एक बी माघारी येत न्हाई, असा शेवट आसंल तर? मला भ्या वाटलं." ते कापडाच्या तुकड्याशी चाळा करत होते. "तू लय वाचतीस. शिरवळची खोली बी बघितलीया. माझ्यासाठी ऱ्हाऊ नगं म्हनायला मला तोंड हाय, पर तू गेलीस तर मी ह्या दुकानात काय करू?"

अरे देवा! आठ दिवस हा माणूस त्या भीतीवर बसून होता, आणि मी समजत होते की मला घालवायला तो कारणच शोधतोय. मी खळीच्याच हातानं डोळे पुसले. "अब्बा, मी कुठं बी जात न्हाई. मला तर वाटलं तुमी मला घालवताय."

"मी कशाला घालवू? फर्मा तू इसरलीस, दाबून मी बसलो. तक्रार आली ती दोघांची." त्यांनी नाक ओढलं, टोपी सारखी केली. "आता रडू नगं. पहिल्यापासनं सांग. दिवाण कोन, कारकून कोन, मला काय बी कळल्यालं न्हाई."

"पुस्तक शिकंज्यात हाय, अब्बा."

"मग तोंडानं सांग की!"

मी त्यांच्या शेजारी गादीवर बसले आणि डोंगरावरच्या पावसापासून सुरुवात केली. संध्याकाळी मिस्टरांचा फोन आला, खोलीवाला विचारतोय म्हणून. अब्बांनी माझ्या हातातून फोन घेतला, "खोली नगं म्हनून सांग त्याला," म्हणाले, आणि मला म्हणाले, "हं, मग दिवा इझला. फुडं?"