पुसून टाकलं, असं म्हणाले होते

काकीचा फोन आला तेव्हा मी कणकवलीच्या बाजारात होते. "बाय गेली गो," एवढंच ती म्हणाली. मी हातातली पिशवी तिथेच टाकून स्टँडकडे धावले.

बाय काकीची मुलगी, माझी चुलत बहीण. घरात तिला सगळे बायच म्हणत, इथेही मी तेवढंच लिहिते. आपलं नाव कुठे छापून येईल, याचा तिने शेवटपर्यंत धसका घेतला होता.

बारावी झाल्यावर ओळखीच्या एका बाईने तिला गोव्यात नेलं. हॉटेलात काउंटरवर बसायची नोकरी आहे म्हणाली. नोकरी नव्हतीच. बायला एका लॉजच्या खोलीत कोंडलं, मारलं, विकलं. धाड पडली तेव्हा कुणीतरी सोडवायला आलं म्हणून ती पोलिसांकडे धावत गेली, आणि त्यांनी तिलाच आरोपी केलं. पुढे कितीतरी वर्षांनी एका वकीलबाईंनी तिचं प्रकरण वरच्या कोर्टात नेलं. ही गुन्हेगार नव्हे, गुन्हा हिच्यावर झालाय, हे कोर्टाने मानलं. खटला रद्द झाला. नोंद पुसायची आणि तिची ओळख गुप्त ठेवायची, असा आदेश निघाला. मी सोबत होते. कोर्टाच्या जिन्यात बायने विचारलं, "म्हणजे आता कोणाक काय्येक सांगूक नको मां?"

"नको. ते आता तुझ्या नावावर नाहीच," वकीलबाई म्हणाल्या.

बाय पायरीवरच बसली आणि हसायला लागली. शाळेनंतर तिला तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

गावी आल्यावर ती अंगणवाडीत मदतीला जाऊ लागली. रडणाऱ्या पोराला कडेवर घ्यायची आणि विहिरीतलं कासव दाखवायला न्यायची. मदतनीस म्हणून तिची निवडही झाली. नेमणुकीआधी चारित्र्य पडताळणीसाठी एक पोलीस आला. चहाच्या टपरीवर पत्ता विचारताना मोबाइलमध्ये बघून म्हणाला, "ही तीच ना, गोव्याच्या लॉजवरच्या केसमधली?" त्याने मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. समोर दिसलं ते त्याने वाचलं. पण टपरीवर अर्धी वाडी बसली होती. दुसऱ्या दिवसापासून आया पोरांना घरीच ठेवू लागल्या. मग नेमणूकही थांबली.

आम्ही पोलिसांच्या ऑफिसात गेलो. बायने वाटेत घोकलेल्या शुद्ध मराठीत विचारलं, "मग कोर्टानं पुसलं ते काय?"

"आमच्या सिस्टीमला जुनं दिसतं, बाई. वर अर्ज करा," तिथला कारकून म्हणाला.

अर्ज केले. वकीलबाईंनीही केले. उत्तर आलं नाही.

त्यानंतर बाय कुठल्याच खिडकीवर जाईना. रेशनला नाही, बँकेत नाही. छातीत गाठ झाली तीही तिने लपवली. मला कळलं तेव्हा मी हात जोडले, रडले, भांडले. ती एकच सांगायची, "थंय नाव इचारतले. मगे गाव इचारतले. माका खंयच्याच कागदार नाव नको."

दुखणं सोसवेना तेव्हा कुठे दवाखान्यात आली. डॉक्टर म्हणाले, "एवढे दिवस कुठे होता?" वॉर्डात नर्सने फाइल बघून तिचं पूर्ण नाव मोठ्याने पुकारलं. बायने चादर तोंडावर ओढून घेतली. गेली तेव्हाही, काकी सांगते, चादर तशीच होती.

तेराव्यानंतर मी काकीकडे राहिले. दवाखान्यात जाण्याआधी बाय मागच्या खोलीतच असायची, दाराला आतून कडी. बाहेर पाऊल वाजलं तरी दचकायची. म्हणून काकी आधी आवाज द्यायची. आता खोली रिकामी आहे, कडीही काढलेली. काकी तिथे कोकमं वाळवायला ठेवते. तरी आत जाताना दारापाशी थांबते, हलकेच म्हणते, "मी आसंय गो, मीच..." आणि मग क्षणभर वाट बघते.