फडक्याखालचं पीठ

मुलगी मस्कतला गेली आणि तिची कुत्री माझ्याकडे राहिली. तिला बाजारातली बिस्किटं द्यायची नाहीत, घरी करायची, अशी मुलीची ताकीद होती. त्यासाठी तिने यीस्टचं एक पाकीटही पाठवलं, आत पिवळा भुसा असावा तसं काहीतरी. कणकेत मिसळायचं, एवढंच सांगितलं होतं.

बायको होती तेव्हा आंबोळीचं पीठ ठेवायची, तसं मी ते मळून फडक्याखाली झाकून ठेवलं. सकाळी पाहिलं तर पीठ ढिम्म. यीस्ट शिळं निघालं म्हणून मी चिडून मुलीला फोन केला.

"बाबा, ते मेलेलंच असतं," ती म्हणाली. "नुसतं चवीला. फुगणार कसं?"

शेवटी तशीच चपटी बिस्किटं भाजली. कुत्रीने ती मिटक्या मारत खाल्ली.

तरी आता मी बेकरीवाल्याकडून जिवंत यीस्ट आणतो. मुलीला ते पटत नाही. कच्चं पीठ कुत्रीच्या पोटात गेलं तर तिथे फुगेल, म्हणते. म्हणून पातेलं वरच्या फळीवर ठेवतो आणि बिस्किटं आतपर्यंत कडक भाजतो. पिवळं यीस्ट वरून भुरभुरतो. कुत्रीला तेवढंच हवं असतं.

फुगलेलं पीठ मला हवं असतं. कुत्रीला मांडवीच्या किनाऱ्यावर फिरवून परत येतो, तेव्हा चष्म्याचं घर, कप, पेपर, सगळं मी ठेवलं तिथेच असतं. फळीवरचं फडकं तेवढं वर आलेलं असतं.