धाकट्याची हकिगत

इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या आमच्या विणकरांच्या गावात गिल्बर्ट फेन माझ्या शेजारच्या मागावर बसायचा. बंदी असलेली धर्मपुस्तकं त्यानेच चोरून आणली, आपल्या धाकट्या भावाला, अँब्रोजला, वाचायलाही त्यानेच शिकवलं. जुन्या राणीच्या शिपायांनी दोघांना एकाच दिवशी धरलं. गिल्बर्टने ‘चुकलो’ म्हणून सही केली, पश्चात्तापाची खूण म्हणून जळणाची मोळी खांद्यावर घेऊन बाजारातून धिंड काढून घेतली आणि घरी आला. अँब्रोजने सही केली नाही. त्याला गायरानात जिवंत जाळलं.

तीन वर्षांनी नवी राणी आली आणि त्या पुस्तकांवरची बंदी उठली. ज्या कारभाऱ्याने सरण रचून घेतलं होतं, त्यानेच चर्चमध्ये अँब्रोजला हुतात्मा म्हटलं. अँब्रोजची विधवा थॉमसिन पुढच्या बाकावर बसू लागली. गिल्बर्टला खांबाआडची जागा मिळाली.

“साधा ‘ए’ गिरवताना रडायचा,” तो मला म्हणायचा. “आता सगळ्यांच्या तोंडी तोच.”

मग हुतात्म्यांच्या हकिगती टिपायला लंडनहून एक लेखनिक आला. थॉमसिनच्या घरी आम्ही जमलो. गिल्बर्टकडे वळून तो म्हणाला, “शेवटी काय बोलला तुमचा भाऊ?”

गिल्बर्ट म्हणाला, “जाळण्याच्या आदल्या दिवशी तुरुंगात भेटलो त्याला. तोही सही करायला तयार होता. कागद वेळेत आला नाही, एवढंच.”

मला वाटलं, थॉमसिन आता त्याला घराबाहेर काढते. ती हळूच म्हणाली, “म्हणजे त्यांना घरी यायचं होतं?”

गिल्बर्टने मान हलवली.

“लिहा साहेब, त्यांना घरी यायचं होतं,” ती म्हणाली. “जाऊबाईंचा नवरा रोज जेवायला घरी येतो. माझ्या डोळ्यांत किती खुपतं ते, कुणाला सांगू?”

लेखनिकाने लेखणी पुसली. “असलं दरबारात चालणार नाही, बाई.” त्याने लिहिलं, अँब्रोज हसत गेला.

त्यानंतर ती रोज मागापाशी यायची. “भाऊजी, पुन्हा सांगा ना. माझं नाव घेतलं का त्यांनी?” गिल्बर्ट सांगायचा, रोज थोडं वाढवून. आठव्या दिवशी सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा त्याचा धोटा थांबला.

“खोटं बोललो मी. तो तयार नव्हता. माझ्याकडे पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला होता. मला बघवत नव्हतं त्याचं मोठेपण.”

थॉमसिन उठली.

“आठ दिवस तरी नवरा होता मला,” ती म्हणाली आणि गेली.

ती पुन्हा त्याच्याशी बोलली नाही. चर्चमध्ये मात्र हुतात्म्याच्या विधवेचा पुढचा बाक सोडून ती मागे बसू लागली.