मामांनी मारलेले टाचे

आमचे मामा येता-जाता कुठल्याही सिमेंटच्या भिंतीवरून तळहात फिरवत. देवळाची असो, बँकेची असो, लग्नाच्या हॉलची असो; हात फिरवायचा आणि तोंड वाईट करायचं. पाहणाऱ्याला वाटे, काम पसंत पडलं नाही. खरं उलटं होतं. भिंत जितकी गुळगुळीत, तितकं मामांचं तोंड जास्त वाईट होई.

नोकरीत असताना ते याच हातासाठी प्रसिद्ध होते. कालव्यांच्या खात्यात इंजिनिअर. तमिळ मुलखात तिरुवैयारूच्या पलीकडे शेतांना पाणी नेणारा मोठा वाय्क्काल आहे. त्या कालव्याला सिमेंटचं अस्तर घातलं ते मामांनी. पूर्वी मातीच्या काठांत पाणी वाटेतच मुरे आणि टोकाची शेतं कोरडी राहत. मामा गिलाव्यावर हात ठेवत आणि तो घसरला नाही तर गवंड्याला उकरून पुन्हा करायला लावत. गवंडी म्हणत, साहेब कालवा नाही, आरसा बांधून घेतात. पाणी टोकापर्यंत गेलं, मामांचं कौतुक झालं, आणि आम्ही भाचरं त्यांना सिमेंटमामा म्हणू लागलो. तेव्हा ते खूश होत.

निवृत्तीनंतर मामा जवळच घर बांधून राहिले आणि रोज सकाळी कालव्याच्या कडेने फिरू लागले. एके दिवशी त्यांना पाण्यात कासव दिसलं. भिंतीला लागून जाई, चढायला बघे, घसरे, पुन्हा पुढे जाई. दुसऱ्या दिवशी ते मरून तरंगत होतं. मग त्यांना मुंगूस दिसलं, बेडूक दिसले, एकदा शेळीचं करडू दिसलं. मातीच्या काठावरून हे सगळे आपापले वर येत असत. त्या आठवड्यात मी भेटायला गेले तर मामा कॉफी तशीच निववून बसले होते. आमच्या घरच्या जुन्या मराठीत म्हणाले, "भिंत इतकी चांगली केलों गे, कीं आंत पडलेल्याला बाहेर येतांच येईना."

त्यानंतर दर उन्हाळ्यात पाणी बंद झालं की मामा छिन्नी-हातोडी घेऊन कोरड्या कालव्यात उतरत आणि भिंतीला टाचे मारत, नखं रुततील एवढ्या खडबडीत खाचा. मामी म्हणत, लोक म्हातारपणी काशीला जातात, हे कालव्यात जातात. एकदा मामांच्याच हाताखाली शिकलेला इंजिनिअर आला आणि हात जोडून म्हणाला की सर, ही सरकारी मालमत्ता आहे. मामांनी त्याला सांगितलं की ठाऊक आहे, मीच बांधलेली आहे. मग कॉफी पाजून त्याला वाटेला लावलं.

अलीकडे हवामानबदलासाठी म्हणून सरकारचा पैसा येऊ लागला. मामांच्या घरामागे करंज आणि ताडांच्या सावलीतला कालव्याचा एक फाटा तेवढा मातीचा उरला होता, तो योजनेत धरला गेला. पाऊस बेभरवशाचा झालाय, तेव्हा असलेलं पाणी वाचवायचं, म्हणून अस्तर. अस्तरासाठी काठावरची झाडं तोडायची. आणि निसर्गरक्षणाच्या वेगळ्या पैशांतून त्याच काठावर रोपं लावायची. एकाच काठावर दोन खात्यांचे दोन फलक लागले. मामा ते वाचून आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

गावसभेत विरोध करायचा असं ठरवून ते मला सोबत घेऊन गेले. ते उभे राहिले, बोलणार तेवढ्यात कामाक्षी अम्मा उठल्या. कालव्याच्या टोकाला त्यांचं शेत. अस्तराआधी ते पडीक असे. त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "साहेब, तुमच्या कालव्यामुळे माझी मुलं जेवली. या फाट्याखालच्यांनाही जेवू द्या." आणि सगळ्यांसमोर त्या मामांच्या पाया पडल्या.

मामा झाडांबद्दल बोललेच नाहीत. एवढंच मागितलं की भिंतीत जागोजागी खडबडीत उतार ठेवा. अधिकारी भला माणूस होता. त्याने कागद चाळून सांगितलं की या पैशांत तशी तरतूद नाही, तो विषय दुसऱ्या खात्याचा. दुसऱ्या खात्याकडे फक्त रोपं होती. परतताना मामा म्हणाले, "पाण्याला पैका आहे, पाण्यांतल्यांना नाही. ती बाई बरोबर बोलली गे. चुकलों तो मीच."

फाट्याला अस्तर झालं. काम उत्तम, गवंडी मामांनीच घडवलेले. पुढच्या उन्हाळ्यात मामा घरामागून टाचे मारत निघाले. छातीत दुखे तरी ऐकेनात. फाट्यावरच्या गणपतीच्या देवळापर्यंत जायचंय म्हणत. धरणाचं पाणी सुटायच्या आधीच मामा गेले. देऊळ अजून लांब होतं.

आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणात, इथे नवीन पाण्याची पूजा असते. या वर्षी मामींनी घरामागेच काठावरून फुलं सोडली. फुलांबरोबर मी देवळापर्यंत चालत गेले आणि मला कासव दिसलं, भिंतीला लागून पोहत असलेलं. मी विचार न करता पाण्यात उतरले. पाणी कमरेएवढंच होतं, पण काठ डोक्याइतका उंच. कासव उचललं, भिंतीला हात टेकवला, आणि तळहात घसरला. मामांना नोकरीत हवा असे, अगदी तसा. पुन्हा टेकवला, खरचटला, पुन्हा घसरला. जवळपास कुणी नव्हतं. तेव्हा मला खरोखर भीती वाटली. कासव पोटाशी धरून मी प्रवाहाच्या उलट, भिंत चाचपत, मामांचे टाचे हाताला लागेपर्यंत चालत गेले. मग त्यांत बोटं रोवून आधी कासव वर ठेवलं, मग मी चढले.

मामींनी विचारलं, कशी भिजलीस. मी म्हणाले, पाय घसरला. त्यांनी चित्रान्न वाढलं. तांदूळ त्याच पाण्यावरचा. मी पोटभर जेवले, आणि प्रत्येक घासाला मला लाज वाटली. निघताना मामींनी माझा खरचटलेला हात पाहिला आणि छिन्नी-हातोडीची पिशवी माझ्या चपलांशेजारी आणून ठेवली.

ती मी अजून उघडलेली नाही. कालव्यात अजून पाणी आहे, तेवढं निमित्त मला पुरतं.