मावशींच्या नळ्या

"आधी खिडकी लावून घे."

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला खालच्या मजल्यावरून हे वाक्य यायचं आणि पाठोपाठ खिडकी बंद झाल्याचा आवाज. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेन गावातल्या आमच्या इमारतीत माझं स्वयंपाकघर खालच्या स्वयंपाकघराच्या बरोबर डोक्यावर होतं. मला वाटायचं, मराठवाड्याच्या उन्हात साठ वर्षं काढलेल्या बाईंना इथला वारा सोसत नसेल. माणूस आपल्या सोयीचंच कारण शोधतो, हे तुम्हीही पाहिलं असेल.

मी त्यांना मावशी म्हणायचे. परभणीहून तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे आल्या होत्या. मुलगा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर, सून जवळच्या गेर्लिंगेनला नोकरीला, आणि आठ वर्षांची एक नात. जिन्यात पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी फोनवर मराठीत बोलत होते. त्या थांबल्या.

"कुठली गं तू?"

"पुण्याची."

"आडनाव काय?"

मी सांगितलं. "बरं," म्हणाल्या आणि हसल्या. खिडकी लागायला लागली ती त्यानंतरच्या शनिवारपासून. हे माझ्या लक्षात यायला मात्र दीड महिना गेला.

नातीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमधून यायचं. तिला भाकरी नको, भात नको, रोज फक्त पास्ता. मावशींनी दोन आठवडे झुंज दिली आणि मग तह केला. मोठ्या पातेल्यात कांदा, लसूण, टोमॅटो, घरून आणलेला काळा मसाला आणि बीफचे तुकडे. दोन तास मंद आचेवर ते शिजलं की त्याच रश्श्यात कोरडा पास्ता. त्याला त्या नळ्या म्हणायच्या.

"नळीनं रस्सा प्याला पाहिजे. पाण्यात वेगळ्या उकडून काय दवाखान्याचं जेवण करायचंय?"

शिवाय भांडं एकच. आठवडाभर राबलेल्या सुनेला तेवढीच सुट्टी. भांडी धुण्याच्या मशीनवर मावशींचा काडीचा विश्वास नव्हता.

आमच्याकडे जिना झाडायची पाळी आठवड्याला एकेका घराची असते आणि पाळीची पाटी पुढची पाळी असलेल्या घराच्या दाराला अडकवायची असते. एका शनिवारी ती पाटी घेऊन मी खाली गेले. मावशींनी दार उघडलं, "ये की, चहा घे," म्हणाल्या आणि बहुधा तिथेच पस्तावल्या. स्वयंपाकघरात वाफ कोंडली होती, भिंतींना घाम फुटला होता. खिडकी जेमतेम बोटभर उघडी होती.

"काय शिजतंय?" मी सहज विचारलं.

"कोबी."

"नाइन, ओमा," नात म्हणाली, "दास इस्ट रिंडफ्लाइश." बीफ आहे ते, आजी. एवढं बोलून तिने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी आठवल्यासारखी उठली आणि कुणी न सांगता तिने ती बोटभर उघडी खिडकी घट्ट लावून टाकली.

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आम्ही याला मोठ्याचं म्हणतो. माझ्या आईनं दार लावून शिजवलं. मीही तसंच शिजवलं. मला वाटलं होतं, ही तरी सुटली."

खरं तर उठून खिडकी उघडायला अक्कल लागत नाही, पण मी खुर्चीला चिकटून बसले. शेवटी त्याच उठल्या आणि त्यांनी ती पुरती उघडली. गार हवा आत आली.

"जेवतीस का?" त्यांनी विचारलं. "तुकडे काढून देते."

"राहू द्या तुकडे."

पहिला घास मी पाण्याबरोबर गिळला, दुसरा चावून खाल्ला. त्यानंतरच्या दर शनिवारी मी न बोलावताच खाली जायला लागले. पातेल्याच्या तळाशी करपलेल्या नळ्यांवरून नातीशी माझी भांडणंही झाली.

त्यांच्या शेवटच्या शनिवारी आम्ही जेवत असताना माझ्या आईचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. मी फोन फिरवून सगळ्यांना दाखवलं.

"काय गं जेवतेस?" आईने विचारलं.

"पास्ता."

"कशातला?"

"टोमॅटोच्या रश्श्यातला."

नात चमचा थांबवून माझ्याकडे बघायला लागली. मी ताटाकडे बघितलं. मावशींनी फोनमध्ये डोकावून म्हटलं, "नमस्कार ताई. लेक गुणाची आहे तुमची." आणि माझ्या ताटात आणखी एक पळी वाढली. त्या रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या माझी लाज झाकत होत्या, आणि ते काम त्यांना चांगलं येत होतं.

सोमवारी त्या परभणीला परतल्या. पुढच्या शनिवारी आईला सांगू, असं म्हणत मी पाच महिने काढले. मग एका सकाळी जिन्यात त्यांचा मुलगा भेटला. आदल्या दिवशी परभणीत मावशी गेल्या होत्या. झोपेतच. तो एकटाच विमानतळावर निघाला होता, बॅगेची चेन अर्धी उघडी होती.

संध्याकाळी मी आईला फोन लावला.

"आई, खालच्या मावशी वारल्या. आणि त्या दिवशीचा पास्ता बीफचा होता. मी तिकडे नेहमीच खायचे. तुझ्याशी खोटं बोलले, त्यांच्यासमोर."

आईने तिच्याकडचा पंखा बंद केल्याचं ऐकू आलं.

"ती छोटी आज जेवली का गं?" आईने विचारलं.

"माहीत नाही."

"मग फोन ठेव," ती म्हणाली, "आणि खाली जा."