समोरच्या घरातला वास

आमच्या समोरचा फ्लॅटही आमचाच. सासऱ्यांची भातशेती सरकारने घेतली, बदल्यात द्रोणागिरीत प्लॉट मिळाला, त्यावर बिल्डरने इमारत उभी केली आणि चौथ्या मजल्यावरची दोन घरं आमच्या वाट्याला आली. एकात मी, नवरा आणि सासूबाई राहतो. दुसरं एका कंपनीने भाड्याने घेतलं होतं. त्यांची माणसं न्हावा शेव्याला क्रेन बसवायला यायची, दोन-तीन महिने राहून निघून जायची. त्या वर्षी मार्चमध्ये पहिल्यांदाच एक जोडपं जास्त दिवसांसाठी आलं, फिलिपीन्सचं. नवरा सकाळी सहाला बंदरावर जायचा तो संध्याकाळीच परत. बायको दिवसभर घरात एकटी. तिशीची असेल. तिच्याबद्दल लिहायचं तर स्वतःबद्दल लिहावं लागतं, म्हणून आजवर टाळत आले.

पहिले पंधरा दिवस ती काय खात होती ते मला दाराबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यावरून कळायचं. अंड्यांची टरफलं, केळ्यांची सालं, ब्रेडच्या पिशव्या. एकदा दुपारी जळल्याचा वास आला म्हणून मी बेल वाजवली. भात करपला होता. तिने मला आत नेऊन ओट्यावरचा कुकर दाखवला. शिट्टीला ती घाबरायची, म्हणून पातेल्यात भात लावायची आणि गॅस किती ठेवायचा ते जमायचं नाही. तिच्या घरी विजेच्या भांड्यात भात आपला आपण शिजायचा. इथल्या दुकानातला तांदूळ लांब आणि मोकळा, त्यांचा भात चिकट. खाली जाऊन वडापाव आणला तर तिखटाने कान बंद झाले. हे सगळं ती हसत हसत सांगत होती. तिचं इंग्रजी चांगलं, माझं मोडकंतोडकं, पण समजत होतं. सांगता सांगता ती थांबली आणि पातेलं घासायला लागली. पाठ माझ्याकडे. म्हणाली, आईला फोनवर रोज सांगते की मी पोटभर जेवले.

सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तिला आपला जाडा तांदूल दे गो. चिकट होतो तो, पोरगी खाईल."

गावातल्या चुलतदिरांकडून आलेला तांदूळ होता. मी डबाभर नेऊन दिला, किती पाणी घालायचं ते बोटाच्या पेरावर दाखवलं. तर ती हसली, त्यांच्याकडेही पाणी बोटानेच मोजतात. त्या दिवशी तिने नुसता भात आणि मीठ खाल्लं, दोनदा घेऊन.

मग आमचं येणंजाणं सुरू झालं. ती मला 'आते' म्हणायला लागली. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला आते म्हणतात. आमच्याकडे आते म्हणजे बापाची बहीण, त्यामुळे सासूबाईंना फार मजा वाटायची. मी तिला उरणच्या बाजारात घेऊन गेले. सुक्या मासळीच्या बायका बसतात तिथे ती थबकली, एक सुका बोंबील उचलून नाकाशी धरला आणि डोळे मिटून उभी राहिली. विकणारी हसून म्हणाली, "घेवचा नसंल तर ठेव." तिने अर्धा किलो घेतले. त्यांच्या घरी सकाळी सुकी मासळी तेलात कुरकुरीत तळतात, व्हिनेगर-लसणात बुडवून भाताबरोबर खातात. तिने आम्हाला करून खाऊ घातली. सासूबाईंनी दोनदा मागून घेतली.

मी तिला चिंचेच्या कोळातलं कालवण शिकवलं. पहिला घोट घेऊन तिने वाटी खाली ठेवली. मला वाटलं तिखट झालं. तर म्हणाली, माझी आईसुद्धा मासे चिंचेत करते. फक्त पिवळं नसतं, आणि त्यात मुळा असतो. पुढच्या आठवड्यात तिने मुळा घालून केलं. जूनपर्यंत तिच्या घरी दोन वेळा चूल पेटायला लागली. तिचा नवरा एकदा मुद्दाम दारात येऊन, मान लववून आभार मानून गेला. मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं, हे कबूल करते.

एक गोष्ट मात्र तिला खरी सांगितली नव्हती. सुकं भाजायचं असलं की मी खिडकी लावून घ्यायची, एक्झॉस्टचा पंखा चालू करायची. तिने विचारलं तेव्हा मी धूळ येते म्हटलं. खरं असं होतं की त्याच्या दोन वर्षं आधी लिफ्टमध्ये दोन बायका नाकाला ओढणी लावून बोलत होत्या, गाववाल्यांकडे आज पुन्हा बोंबील भाजलेत. मी त्यांच्या मागे उभी होते. आमचा भात पिकायचा ती जमीन देऊन हे घर मिळालं, आणि मी माझ्याच घरात चोरून मासळी भाजायला लागले.

गणपतीत सोसायटीचा गणपती खाली पार्किंगमध्ये दहा दिवस बसतो. तेवढे दिवस इमारतीत मच्छी-मटण करू नये अशी नोटीस लागते. मी ती तिला वाचून दाखवली होती. तिने मान डोलावली आणि भाज्या आणल्या. आमचा घरचा गणपती गावात दिरांकडे, दीड दिवसाचा. तो गेला. आधी अख्खा श्रावण पाळलेला. सहाव्या दिवशी दुपारी मला सुक्या जवळ्याची इतकी आठवण झाली की राहवेना. सासूबाईंच्या तोंडाला चव नव्हती म्हणून केला, असं मी नंतर नवऱ्याला सांगितलं. तेही खोटं. सासूबाई झोपल्या होत्या. मला खायचा होता.

तव्यावर जवळा टाकला आणि वीज गेली. पंखा बंद पडला, घरात धूर कोंडला, म्हणून मी बाहेरचं दार उघडं टाकलं. पाच-दहा मिनिटांत जिन्यावर पावलं वाजली. मी तव्यावर झाकण ठेवलं, गॅस बंद केला आणि दारात जाऊन उभी राहिले. सोसायटीचे सेक्रेटरी आणि कमिटीतल्या एक बाई धापा टाकत वर आले. सेक्रेटरी सज्जन माणूस. त्यांनी माझ्या घराकडे बघितलंही नाही. समोरच्या बंद दाराकडे बघून म्हणाले, "वहिनी, तुमच्या भाडेकरूंना सांगितलंत ना दहा दिवसांचं? खाली आरतीच्या जागेपर्यंत वास येतोय."

मला एकच वाक्य बोलायचं होतं. हात पदराखाली घेतले, बोटांना वास होता.

"सांगते मी तिला," मी म्हणाले. "नवीन आहे. तिला कळत नाही."

त्या बाई म्हणाल्या, आत्ताच सांगा, आम्ही थांबतो. मी बेल दाबली, मग आठवलं वीज नाही, म्हणून दार वाजवलं. ती आली. केस ओले होते, नुकतंच डोकं धुतलं असावं. तिच्या मागे स्वयंपाकघर दिसत होतं. ओटा स्वच्छ पुसलेला, शेगडीवर काही नाही. सेक्रेटरींना तेही दिसू शकलं असतं, पण ते बघत नव्हते. मी इंग्रजीत म्हटलं की मासळीचा वास येतोय, गणपती आहेत, करू नकोस. तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून माझ्या उघड्या दाराकडे. मग सेक्रेटरींकडे वळून दोन्ही हात जोडले, इथे आल्यावर शिकली होती तसे.

"सॉरी सर," ती म्हणाली. "पुन्हा नाही होणार."

ते गेले. तिने दार लावून घेतलं. मी घरात आले. तो जवळा मी फेकून दिला नाही. दार लावून खाल्ला.

विसर्जन झालं, नोटीस उतरली, सगळ्यांच्या घरी मासे आले. तिच्याकडे आले नाहीत. कचऱ्याच्या डब्यात पुन्हा टरफलं आणि ब्रेडच्या पिशव्या दिसायला लागल्या. एकदा त्यात सुक्या बोंबलांची अख्खी पुडी दिसली, न फोडलेली. मी बाजाराला येतेस का विचारलं की तिला काहीतरी काम असायचं. मी कालवणाचा डबा पाठवला, तो धुऊन, पुसून, दाराच्या कडीला पिशवीत लावलेला मिळाला. भेटली की हसायची. तिचा नवरा बंदरावरच्या कॅन्टीनमधून रात्रीचं पार्सल आणायला लागला. सासूबाई दोन-तीनदा म्हणाल्या, "ती पोरगी येत का नाय?" मी म्हटलं, बरं नसेल.

नवऱ्याला अखेर सांगितलं. तो म्हणाला, जाऊ दे, त्यांना काय फरक पडतो, ते परत जाणारच आहेत.

नोव्हेंबरमध्ये सोसायटीची मीटिंग झाली. त्यात विषय निघाला की यापुढे बाहेरच्या देशातल्या लोकांना घर देऊ नये, त्यांना आपले रीतिरिवाज समजत नाहीत, गणपतीत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण फ्लॅट आमचा. मी उठले.

"त्या दिवशी वास माझ्या घरातून येत होता," मी म्हणाले. "जवळा मी भाजला होता. तिने काही केलं नव्हतं."

मग सेक्रेटरी कागद चाळत म्हणाले, "असं होय. ठीक आहे वहिनी, होतं कधीकधी. पुढचा विषय घ्या." झालं. पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवर चर्चा सुरू झाली. मला कुणी हात जोडायला लावले नाहीत. कुणाच्या चेहऱ्यावर रागही नव्हता. शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं, असं तिथे बसून वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे गेले. ती कपडे घडी करत होती, पुढच्या महिन्यात जायचं ठरलं होतं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. त्या दिवशी मी होते, आणि काल सगळ्यांसमोर बोलले.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. आवाज शांत होता. "दार उघडं होतं तुमचं."

मग तू सॉरी का म्हणालीस, मी विचारलं.

"तुम्ही इथे राहणार. मी जाणार होते." तिने एक शर्ट झटकून पुन्हा घडी घातली. "मला वाटलं संध्याकाळी तुम्ही याल. त्या संध्याकाळी मी दोघींचा चहा करून ठेवला होता. दुसऱ्या दिवशीही वाट पाहिली."

तिने मला बसायला सांगितलं नाही, जा असंही म्हटलं नाही. घडी घातलेले कपडे पलंगावर नीट रचत राहिली. मी थोडा वेळ उभी राहिले आणि दार हळूच ओढून घेऊन बाहेर आले.